फोर चॅनल अँप (ॲम्प्लिफायर) लावला, आता गाडी रेसबरोबर शिट्टी मारते! मदत हवी

गोदाकाठी | शनिवार, रात्री ११.५२

एरवी मी इथे नुसता वाचक. आज डोकं चालेना म्हणून धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गाडी २०१४ ची पेट्रोल स्विफ्ट, सेकंड हँड घेतलेली. आधीच्या मालकाने बरा डबल डिन (दुप्पट उंचीचा) टेप बसवला होता, तो तसाच ठेवला. पुढच्या दारांत कॉम्पोनंट स्पीकर टाकले, ५० वॉट आरएमएस (सतत पेलतील एवढे वॉट), ४ ओहमचे. डिक्कीत १२ इंची सब (बेसचा सबवूफर), ड्युअल कॉइल, ४ अधिक ४ ओहम. मध्ये क्लास एबीचा फोर चॅनल अँप. त्याच्या कागदावर लिहिलंय: ४ ओहमला ६० वॉट, २ ओहमला ९० वॉट प्रत्येक चॅनलला, आणि ब्रिज केला (दोन चॅनल जोडून एक) तर ४ ओहमला १८० वॉट. पुढचे दोन चॅनल दारांना, मागचे दोन ब्रिज करून सबला. फिटिंग एका ॲक्सेसरीवाल्याकडून करून घेतलं, वायरींचं किटही त्याचंच.

दुखणी दोन. इंजिन चालू केलं की ट्वीटरमधून (बारीक सुरांचा छोटा स्पीकर) कुईंऽऽ असा बारीक आवाज येतो. ॲक्सिलरेटर दाबला की चढतो, सोडला की उतरतो. गाणं बंद असलं तरी येतो. आई म्हणते गाडीत डास शिरलाय.

दुसरं, आवाज वाढवून ढोलताशा लावला की पाचेक मिनिटांत अँपचा हिरवा दिवा लाल होतो आणि सगळं गप्प. टेप बंद करून परत लावला की चालू.

फिटिंगवाला म्हणतो, एक फॅराडचा कपॅसिटर टाका, दोन्ही जातील. पैसे घालण्याआधी तुम्हाला विचारतोय.

पेठेतला | रविवार, सकाळी ७.१०

गाणी आपण ऐकायची की अख्ख्या सिग्नलला ऐकवायची, हे एकदा ठरवा. बाकी जाणकार बोलतीलच. वाचनखूण साठवली आहे.

जुना_फ्यूज | रविवार, सकाळी ८.३४

शिट्टी राहू दे बाजूला. बॅटरीजवळ फ्यूज आहे का ते आधी सांगा.

गोदाकाठी | रविवार, सकाळी ९.०५

फ्यूज आहे, पण डिक्कीत अँपच्या शेजारी. बॅटरीजवळ काही दिसत नाही.

जुना_फ्यूज | रविवार, सकाळी ९.२१

मग आत्ता खाली जा, १० नंबरचा पाना घ्या, अँपची वायर बॅटरीच्या प्लसवरून सोडवा आणि टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ठेवा. चहा नंतर घ्या.

अँपला वाचवणारे फ्यूज अँपच्या अंगावरच असतात. हा लांबचा फ्यूज असतो वायरला वाचवायला. बॅटरीपासून डिक्कीपर्यंत तुमची पाचेक मीटर वायर जाते, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकातून, दाराच्या पट्टीखालून. त्या वाटेत ती कुठेही सोलली आणि पत्र्याला लागली की बॅटरी आपला सगळा जोर तिथेच काढते. डिक्कीतल्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही, कारण करंट त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटाच्या आत हवा.

माझ्या मेव्हण्याच्या गाडीत असाच उद्योग केलेला होता. भोकात रबराचं ग्रोमेट नाही, वायर नुसती ओढून घेतलेली. कसारा घाटात डॅशबोर्डखालून धूर निघाला. पाना हाताशी होता म्हणून टर्मिनल काढता आलं. नंतर पाहिलं तर वायर कापली गेलेली जागा नखाएवढी, आणि पायाखालचं कार्पेट हातभर जळालेलं.

मिटरवाली | रविवार, दुपारी १.४०

जुना_फ्यूज काकांना +१.

गोदाकाठी, तुमच्या दुसऱ्या दुखण्याचं उत्तर तुमच्याच कागदावर आहे. ब्रिजला १८० वॉट ४ ओहमला लिहिलंय, म्हणजे ब्रिजला ४ च्या खाली जायचं नाही. आता सबच्या दोन कॉइल कशा जोडल्यात बघा. प्लसला प्लस, मायनसला मायनस असेल तर ४ आणि ४ मिळून झाले २ ओहम. ब्रिज केलेल्या जोडीत प्रत्येक चॅनलच्या वाट्याला निम्मा लोड येतो, म्हणजे अँपचा एकेक चॅनल १ ओहमवर राबतोय. लाल दिवा लागतो हे नशीब समजा. प्रोटेक्शन नीट नसलेला अँप थेट जळाला असता.

एक माप घ्या: अँपकडून सबच्या वायरी सोडवा आणि त्या दोन टोकांवर मीटर ओहमवर लावा. डीसी रोध थोडा कमीच दिसतो, त्यामुळे ३.५ च्या आसपास आला तर ४ समजा, १.७ आला तर २.

गोदाकाठी | रविवार, दुपारी ४.१५

वायर सोडवली, चिकटपट्टी गुंडाळली. सबच्या टोकांवर १.८ दाखवतंय. म्हणजे ताई, तुमचंच खरं.

मग आता दुसरा सब घ्यायचा का? हा सिंगल ४ ओहमचा असता तर बरं झालं असतं.

मिटरवाली | रविवार, दुपारी ४.५०

काही घ्यायचं नाही. दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोडा. पहिल्या कॉइलचा मायनस दुसऱ्या कॉइलच्या प्लसला, उरलेली दोन टोकं अँपला. झाले ८ ओहम.

लोक इथे नाक मुरडतात, की ८ ओहमला पॉवर कमी. कमी खरी, पण किती ते बघा. ब्रिजमध्ये ८ म्हणजे एका चॅनलला ४. कागदावर ४ ओहमला ६० वॉट, दोन चॅनलचे १२०. तेच १८० वॉट आले असते तर फरक किती? दुप्पट वॉटला ३ डेसिबल, दीडपटीला पावणेदोन. गाडीच्या डिक्कीत हा फरक तुम्हाला डोळे मिटूनही सांगता येणार नाही. अँप मात्र गार राहील.

दुसरी पद्धत म्हणजे ब्रिज न करता एक कॉइल एका चॅनलला, दुसरी दुसऱ्याला. वॉट तेवढेच. पण मग दोन्ही चॅनलचा सिग्नल सारखाच आहे ना, हे बघत बसा. सिरीज सोपी.

रंकाळा_बेस | रविवार, रात्री ९.०२

भावा, हे ओहमबिहम ठीक हाय, पण कपॅसिटर टाकूनच घे. माझ्या गाडीत हाय, बेसच्या ठोक्याला हेडलाइट मिचकत न्हाईत. त्यावरचा व्होल्टचा निळा आकडा बी झकास दिसतो.

मिटरवाली | रविवार, रात्री ९.३०

आकडा झकास दिसतो, हे मान्य.

बाकी हिशोब असा. १ फॅराड, १३.८ व्होल्टवरून १२.८ पर्यंत उतरताना देणार साधारण १३ जूल. अँप ४०० वॉट ओढत असेल तर हे पुरतात सेकंदाचा तिसावा भाग. ढोलाचा एक ठोका त्याहून लांब असतो. त्यानंतर तोच कपॅसिटर परत भरायला अल्टरनेटरकडेच हात पसरतो. तुमचे हेडलाइट मिचकायचे थांबले असतील तर बहुतेक फिटिंग करताना कुणीतरी टर्मिनल घट्ट केलं.

रंकाळा_बेस | रविवार, रात्री ९.४४

टर्मिनल घट्ट केलं व्हतं हे खरं हाय 😄

जुना_फ्यूज | सोमवार, सकाळी ८.१२

गोदाकाठी, आता वायर तपासा. किटवर चार गेज (वायरीची जाडी) लिहिलेलं असेल, त्यावर जाऊ नका. टोकाची एक बारीक तार घ्या आणि ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट. वर इन्सुलेशन इतकं जाड असतं की वायर बाहेरून करंगळीएवढी आणि आत शिसपेन्सिलीतल्या शिशापेक्षा थोडी बरी.

आणि अर्थ कुठे घेतलाय त्याचा फोटो टाका. शिट्टीच्या दहा तक्रारींत आठ तिथे सुटतात.

गोदाकाठी | सोमवार, रात्री १०.२०

फोटो टाकलाय. तार खरवडली, पांढरी. अर्थ मागच्या सीटच्या पाठीला जो बिजागरीचा बोल्ट असतो त्यावर. लगखाली (वायरीच्या टोकाचं धातूचं कडं) रंग तसाच आहे. बोल्ट हाताने हलतो!

मिटरवाली | सोमवार, रात्री १०.५५

रंग म्हणजे इन्सुलेशनच की. लगच्या कडेने कुठेतरी बोल्टच्या आट्यातून जेवढा जाईल तेवढा करंट जातोय.

बदलायच्या आधी दोन मापं घ्या, म्हणजे नंतर फरक कळेल. सब सिरीज करून झाला असेल तर बॅटरीची वायर तात्पुरता ५० अँपिअरचा फ्यूज घालून जोडा. इंजिन चालू, गाणं मोठ्याने. मीटर डीसी व्होल्टवर. एकदा बॅटरीच्या दोन टर्मिनलवर, एकदा अँपच्या प्लस आणि ग्राउंडवर. मग एक लांब वायर घेऊन बॅटरीच्या मायनसपासून अँपच्या ग्राउंडपर्यंत किती व्होल्ट पडतात ते बघा. ०.१ च्या आत हवेत.

गोदाकाठी | मंगळवार, रात्री ११.३०

बॅटरीवर १४.१. अँपवर १२.३. मायनस ते ग्राउंड ०.८६.

वाटेतच १.८ व्होल्ट खपले. म्हणजे निम्मं पाप अर्थाचं, निम्मं वायरीचं.

संत्राबर्फी | मंगळवार, रात्री ११.४१

अरे भाऊ, हे तर एमएसईबीच्या शेवटच्या खांबावरच्या घरासारखं झालं!

जुना_फ्यूज | बुधवार, सकाळी ८.४०

आता खरेदी. फॅन्सी किट नको. वेल्डिंगच्या दुकानातून तांब्याची वेल्डिंग केबल घ्या, १६ स्क्वेअर एमएम. मऊ असते, वळते, रबर चिवट असतं. ॲल्युमिनियमचीही मिळते, तेव्हा दुकानातच टोक खरवडून बघा, लाजू नका. पाच मीटरला, ३० अँपिअरवर, वायरीत पावणेदोन दशांश व्होल्टसुद्धा जाणार नाहीत. लग १६ चेच घ्या आणि क्रिंपिंग टूलने दाबून घ्या. पकडीने चेपलेला लग महिन्यात सैल होतो. फायरवॉलला ग्रोमेट, बॉनेटमध्ये नालीदार पाईप. बॅटरीजवळ ६० अँपिअरचा फ्यूज, तुमच्या अँपवर २५ चे दोन आहेत त्या हिशोबाने.

अर्थासाठी डिक्कीत बॉडीच्या मूळ पत्र्यावर जागा शोधा. अँपपासून दोन फुटांच्या आत. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, दातेरी वॉशर, लग, नट. घट्ट झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली, नाहीतर पावसाळ्यात गंज धरतो.

दोन गोष्टी करू नका. सीटबेल्टच्या बोल्टला हात लावायचा नाही, तो जिवाचा बोल्ट आहे. आणि मागच्या सीटखाली ड्रिल चालवायचं नाही. खाली पेट्रोलची टाकी आहे.

घाटातली_वाट | बुधवार, सकाळी ११.१५

मध्येच विचारते: आमच्या नव्या गाडीच्या बॅटरीच्या मायनसवर एक चौकोनी डबी आहे, वायरीसकट. तिथेच अँपचा मायनस जोडला तर चालेल का?

मिटरवाली | बुधवार, दुपारी १.०५

नको. तो करंट मोजणारा सेन्सर आहे. अल्टरनेटरने किती चार्ज करायचं हे गाडी त्यावरून ठरवते. थेट बॅटरीच्या खुंटीवर जोडलंत तर अँपने खाल्लेला करंट सेन्सरला दिसतच नाही, गाडीचा हिशोब चुकतो. बॉडीवर घ्या, म्हणजे सेन्सरच्या पलीकडे.

गोदाकाठी | रविवार, संध्याकाळी ६.४८

अख्खा रविवार गेला. मुलगा टॉर्च धरून उभा होता, त्याने शेवटी टॉर्चसकट झोप काढली.

आता बॅटरी १४.१, अँप १३.८, ग्राउंडचा फरक ०.०४. सब सिरीजमध्ये. तासभर ढोलताशा लावला, दिवा हिरवा.

पण शिट्टी आहेच. निम्म्याने कमी झाली, गेली नाही. 😞

रंकाळा_बेस | रविवार, संध्याकाळी ७.०२

आरसीए (टेपमधनं अँपला गाणं नेणारी वायर) आणि पॉवरची वायर एकाच बाजूनं आणलीस काय?

गोदाकाठी | रविवार, संध्याकाळी ७.१०

नाही, पॉवर डावीकडून, आरसीए उजवीकडून. हे मात्र त्याने नीट केलं होतं.

मिटरवाली | रविवार, रात्री ८.२५

आता अंदाज बंद, एकेक तुकडा बाजूला काढत जाऊ. प्रत्येक वेळी टेप बंद, मग वायर काढा, मग इंजिन चालू करा.

आधी अँपकडून पुढच्या चॅनलचे आरसीए काढा. शिट्टी राहिली तर दोष अँपमध्ये किंवा त्याच्या पॉवरमध्ये. गेली तर आवाज अलीकडून येतोय.

गेली तर मोबाईलला आरसीएची वायर लावून थेट अँपमध्ये घाला. मोबाईल चार्जिंगला लावलेला नको, नाहीतर चार्जरचीच शिट्टी ऐकाल.

गोदाकाठी | सोमवार, रात्री ९.३५

आरसीए काढले, पूर्ण शांतता. मोबाईल लावला, गाणं स्वच्छ, शिट्टी शून्य. टेपचे आरसीए परत लावले की कुईं.

मिटरवाली | सोमवार, रात्री ९.५२

छान. अँप निर्दोष सुटला.

आता टेप बाहेर ओढा, आरसीए मोकळे करा. मीटर ओहमवर. एक टोक टेपच्या पत्र्याच्या अंगाला, दुसरं मागच्या आरसीएच्या बाहेरच्या कड्याला. काय येतं सांगा.

गोदाकाठी | सोमवार, रात्री १०.४०

काहीच नाही. मीटर ओएल (म्हणजे जोडच नाही) दाखवतो. चारही कड्यांना तेच. मीटरची दोन टोकं एकमेकांना लावली की बीप वाजतो, म्हणजे मीटर बरा आहे.

मिटरवाली | सोमवार, रात्री ११.१०

सापडलं. ते कडं आतून टेपच्या ग्राउंडला जोडलेलं असायला हवं, जवळजवळ शून्य ओहम. पुष्कळ टेपमध्ये मध्ये एक तांदळाच्या दाण्याएवढा फ्यूज किंवा बारीक ट्रॅक असतो. तो उडालाय. आता सिग्नलला परतीची वाट नाही, तो अल्टरनेटरच्या गोंगाटातून वाट काढतोय.

तो का उडाला, तेही सांगते. अँपचा अर्थ सैल होता ना? अँपला प्लस मिळतोय आणि मायनसची वाट हलतेय. करंट कुठूनतरी परत जाणारच. त्याला दुसरी वाट मिळाली आरसीएच्या जाळीची, तिथून टेप, टेपमधून त्याचा अर्थ. वीस-तीस अँपिअरच्या धक्क्यात तो दाणा कसला टिकतो! तुमचा हलणारा बोल्ट शिट्टी स्वतः तर वाजवत होताच, जाता जाता टेपचाही घास घेऊन गेला. म्हणून अर्थ सुधारल्यावर शिट्टी निम्मीच गेली.

म्हणूनच अँप जोडताना अर्थ सगळ्यांत आधी, बॅटरीचा फ्यूज सगळ्यांत शेवटी. आणि टेप चालू असताना आरसीए कधी लावायचा-काढायचा नाही.

गोदाकाठी | सोमवार, रात्री ११.२२

फिटिंगवाला टेप चालू ठेवूनच आरसीए इकडचे तिकडे करत होता, "कुठल्यातून आवाज येतो बघू" म्हणून. मी शेजारी उभा राहून कौतुकाने बघत होतो.

जुना_फ्यूज | मंगळवार, सकाळी ८.०५

दुरुस्ती दोन प्रकारे. टेप उघडून तो दाणा बदलून घ्या, सोल्डरिंगचा हात चांगला असलेला कुणीही करेल. नाहीतर जुगाड: बारीक तांब्याची तार आरसीएच्या बाहेरच्या कड्याला घट्ट गुंडाळा आणि दुसरं टोक टेपच्या बाजूच्या ब्रॅकेटच्या स्क्रूखाली. कुरूप दिसतं, पण डॅशबोर्डच्या आत कोण बघतंय.

गोदाकाठी | बुधवार, रात्री १०.१५

जुगाडच केला. ओएलच्या जागी ०.३ ओहम. इंजिन चालू केलं, रेस दिली, परत दिली. काही नाही. आईला बोलावून बसवलं. म्हणाली, "डास गेला?"

ताई, काका, तुम्हा दोघांना साष्टांग.

आता शेवटचा प्रश्न. अँपवरचा गेन किती ठेवू? सध्या अर्ध्यावर आहे, कुणी ठेवला ते माहीत नाही.

रंकाळा_बेस | बुधवार, रात्री १०.३१

फुल्ल! 😄

मिटरवाली | गुरुवार, दुपारी १.३०

गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. टेपमधून येणाऱ्या व्होल्टेजशी अँपचं जुळवून घेणं, एवढंच त्याचं काम. जास्त ठेवला की अँप लाटेची शेंडी कापतो, आणि त्यात पहिला बळी जातो ट्वीटरचा.

स्पीकरच्या वायरी अँपकडून सोडवा. इंजिन चालू. टेपचे बेस, ट्रेबल, इक्वलायझर सगळं शून्यावर. अँपचा क्रॉसओव्हर (जाडे-बारीक सूर वेगळे करणारा) तात्पुरता बंद. गेन तळाला. पुढच्या चॅनलसाठी ४०० हर्ट्झचा ० डेसिबलचा टोन लावा. सगळीकडे १ किलोहर्ट्झ सांगतात, पण आपले स्वस्त मीटर ४०० च्या वर एसी व्होल्ट नीट मोजतीलच असं नाही. टेपचा आवाज तीनचतुर्थांशावर. मीटर एसी व्होल्टवर, अँपच्या स्पीकर टर्मिनलवर.

किती व्होल्ट हवेत? वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. तुमचे स्पीकर ५० वॉट, ४ ओहम: २०० चं वर्गमूळ, १४.१. गेन हळूहळू वाढवा, १४.१ ला थांबा. सबसाठी ५० हर्ट्झचा टोन, १२० वॉट, ८ ओहम: ९६० चं वर्गमूळ, ३१ व्होल्ट. ब्रिजची टोकं कुठली ते अँपवर छापलेलं असतं, मीटर त्यांच्यावरच लावा.

नंतर क्रॉसओव्हर चालू: पुढे हायपास ८० (८० हर्ट्झच्या वरचे सूर), सबला लोपास ८० (खालचे). दारातल्या साडेसहा इंची स्पीकरवरचं बेसचं ओझं उतरलं की गाणाऱ्याचा गळा मोकळा ऐकू येतो.

पेठेतला | गुरुवार, दुपारी २.०५

धाग्यात पहिल्यांदा गाणाऱ्याचा उल्लेख आला. नोंद घेतली.

संत्राबर्फी | गुरुवार, संध्याकाळी ६.५०

वेल्डिंग केबलचं रबर उंदीर खातात का? आमच्या पार्किंगमध्ये मांजराएवढे आहेत.

जुना_फ्यूज | गुरुवार, संध्याकाळी ७.१५

उंदीर सगळं खातात. म्हणून तर नालीदार पाईप सांगितला. आणि म्हणून फ्यूज.

गोदाकाठी | रविवार, सकाळी १०.३०

गेन लावला. पुढे १४.१ ला बटण घड्याळाच्या नऊवर आलं, आधी बारावर होतं. सब ३१ ला दहाच्या जरा अलीकडे. सकाळी गंगापूर धरणापर्यंत जाऊन आलो. जुनी नाट्यगीतं लावली होती. तबल्याचा डग्गा डिक्कीतून न येता समोरून, डॅशबोर्डवर वाजतोय असं वाटतं, हे कसं झालं ते मला अजून कळलेलं नाही, पण विचारत नाही, नाहीतर ताई वर्गमूळ काढायला लावतील.

वेल्डिंग केबल दहा मीटर घ्यावी लागली, साडेतीन मीटर उरली आहे. खरवडून पाहिलेली, अस्सल तांबं. नाशिकमध्ये कुणाला हवी असेल तर विपू (विचारपूस) करा, येऊन घेऊन जा, पैसे नकोत. फक्त बॅटरीजवळ फ्यूज लावलेला फोटो इथे टाकायचा.